बीड की स्टील

सकाळी थंड असताना गाडी टिकटिकायची.
नुव्याचा चढ संपेपर्यंत टिकटिक थांबायची,
मला वाटायचं, बरी झाली.
कायतान म्हणाला, बरी कसली, बाय,
तापून फुगते आणि भेग मिटते.
निवली की परत उघडते.

भेग दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडाच्या मध्ये,
केसाएवढी, काजळीनं आखलेली.
मॅनिफोल्ड उतरवून त्यानं हातोडीनं हलकेच ठोकला,
बाजारात नारळ वाजवून घेतात तसा.
आवाज बद्द आला.

चिखलीला, यार्डाच्या भिंतीला टेकलेलं त्याचं शेड.
तीस वर्षं बोटींच्या पोटात शिरून नळ जोडले,
आता आमच्यासारख्यांच्या गाड्या.
भिंतीवर अजून भरती-ओहोटीचं कॅलेंडर,
आजची ओहोटी पेन्सिलीनं खुणावलेली,
कशासाठी, विचारलं नाही.

मी ठरवूनच आले होते.
स्टीलचा. चार नळ्या, सारख्याच लांबीच्या,
अळवाच्या देठांसारख्या वळत एका गळ्यात उतरणाऱ्या.
एक-तीन-चार-दोन,
जो तो आपल्या पाळीनं श्वास सोडणार,
कुणी कुणाच्या तोंडात फुंकणार नाही.
आणि तापेल तसा रंग: आधी गवती, मग जांभळा, मग निळा.
फोंड्याच्या शाणूकडून नमुना आणला होता दोन दिवसांपुरता,
कॉलेजच्या प्रयोगशाळेत काट्यावर ठेवला.
चार किलो भरत नाही.
तसलाच बीडाचा, साडेआठ.
बीडाचा म्हणजे चार आखूड तोंडं आणि एक आडवं पोट,
सगळ्यांचा धूर तिथंच, रेटारेटीत.
आकडे मी कायतानला वाचून दाखवले
मुलांना निष्कर्ष सांगते तशा आवाजात.

तो काही बोलला नाही.
टर्बो उचलून माझ्या हातात दिला.
हात लांब कर. धर.
धरला.
असाच धर गो, म्हणाला, आणि चहा सांगायला गेला.

सात किलो. पहिलं मिनिट काहीच नाही.
मग कोपर. मग खांद्याच्या मागं कुठंतरी एक तार.
बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं,
ठिणग्या उंबऱ्यापर्यंत येऊन विझत होत्या.
तो दोन पेले घेऊन आला, पण खाली ठेवेना.
कितें म्हण्टा तुजो हात?
आता त्यात आठशे अंश घाल.
त्यात बोरीचे खड्डे घाल.

मग चहा.
मग हिशेब: मी कुठं जाते.
रोज वेर्ण्यावरून मडगाव. महिन्यातून एकदा अनमोड चढून
बेळगावला, बहिणीकडे.
सुई पाच हजारांच्या पुढं कितीदा जाते?
मी आठवायला लागले.
राहू दे, म्हणाला, प्लगवरची काजळी बघून कळलं मला.

स्टील करून देतो ना, का नाही देणार.
जाड नळी घेऊ, ब्लॉकपासून एक आधार काढू,
टर्बोचं ओझं त्याच्यावर, नळ्यांवर नको.
म्हणजे वजन परत साडेसात.
पातळ नळी घेतलीस तर दिसेल झकास,
दोन पावसाळ्यांत तिसऱ्या जोडाला तडकेल,
तू परत येशील, मी परत पैसे घेईन.
माझं काही बिघडत नाही.
आणि हसला नाही, त्यामुळे पटलं.

दुसरा बीडाचाच आणला, कुडचड्याच्या भंगारातून,
वाजवून. खणखणीत.
स्टड नवे, गॅस्केट नवं,
नट मधून सुरू करत कडेकडे आवळलेले,
एकदा तापवून, निववून, पुन्हा एकदा.
सकाळी आता टिकटिक नाही.
घाटात टर्बो जरा लवकरच जागा होतो, हेही खरं.

जाताना त्यानं नळीचा एक तुकडा दिला होता,
हाताएवढा, कोणासाठी तरी जोड लावून पाहिलेला,
भोवती निळी-जांभळी कडी.
तो माझ्या टेबलावर असतो, प्रयोगशाळेत,
जर्नलं उडू नयेत म्हणून, असं सांगते.
शेवटचा तास सुटला, शिपाई दिवे घालवायला निघाला
की त्यातून एकदा फुंकते.